ओढणाऱ्याचा विमा

फेब्रुवारी उलटला आणि काश्मीरला गेलेली मंडळी दिल्लीस परतली, की आमच्या मराठी वस्त्यांतून एक ठरावीक तक्रार ऐकू येऊ लागते. बर्फ उत्तम होते, हवा उत्तम होती, केशर खरे निघाले की रंगवलेले ते अद्याप कळावयाचे आहे. पण ते गुलमर्गचे स्लेजवाले! टांगमर्गला भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून वर जावे, गाडीतून एक पाय खाली टाकावा, तो दहाजण भोवती गोळा होतात. एकाने हजार मागितले, आम्ही त्याला पाचशेवर आणले, तरी शेवटी 'खुशीने द्या' म्हणून त्याने आणखी दोनशे काढलेच. ही हकिकत सांगताना सांगणाऱ्याच्या मुद्रेवर पानिपताहून जिवानिशी सुटून आल्याचा भाव असतो, आणि हकिकतीचा समारोप बहुधा एकाच वाक्याने होतो: सरकारने हे स्लेजवाले एकदाचे बंद केले पाहिजेत.

ह्या मताचा आम्हांस प्रतिवाद करावयाचा आहे. घासाघीस करू नये असा उपदेश आम्ही करणार नाही. ती आम्हीही करतो, आणि काही स्लेजवाले अवाच्या सवा भाव सांगतात हेही खरे. आमचे म्हणणे निराळे आहे. ह्या व्यवहारात लूट कोठे होते ह्याचा हिशेब मांडताना आपण खिशातून गेलेल्या दोनशे रुपयांपाशीच थांबतो. त्या फळकुटावर आपण बसलो असताना जी जोखीम उभी राहते, ती कोणाच्या अंगावर पडते आणि तिचे मोल कोण देतो, हा हिशेब आपण मांडीतच नाही. तो मांडला तर लुटणारा कोण आणि लुटला जाणारा कोण ह्याविषयी थोडा निराळा विचार करावा लागेल.

स्लेज म्हणजे काय वस्तू आहे ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. आपल्याकडे कोणी तिला घसरगाडी म्हणतात, परंतु 'गाडी' हा शब्द तिला मोठा पडतो. दोन लाकडी धावांवर ठोकलेले ते एक फळकुट. तिला चाक नाही, सुकाणू नाही आणि थांबवण्याची कळ तर नाहीच. चढावर एक माणूस पुढे दोरी धरून तिला ओढतो, पाहुणा जड असला तर दुसरा मागून रेटतो. उतारावर तोच माणूस पुढे बसतो, पाहुणा त्याच्या पाठीला चिकटतो, आणि फळकुट सोडून दिले जाते. वळवायची तर त्याचा पाय, थांबवायची तर त्याची टाच. सकाळचे भुसभुशीत बर्फ दुपारच्या उन्हात पाझरते आणि सायंकाळी गोठून काचेसारखे होते. मग टाच रोवायला जागा उरत नाही. त्यात समोरून दुसरी स्लेज येते, मधूनच स्कीवर घसरणारा एखादा आडवा येतो, किंवा मागे बसलेली व्यक्ती घाबरून एका बाजूला झुकते. फळकुट उलटते. बहुतेक वेळा हशा होतो, अंगावरचे बर्फ झटकले जाते, छायाचित्र निघते. एखादे वेळी मनगट मोडते, घोटा मुरगळतो, माकडहाडाला मार बसतो, क्वचित डोके आपटते. शिरस्त्राण कोणाच्याच डोक्यावर नसते. आणि उलटताना सर्वांत आधी खाली जातो तो पुढे बसलेला माणूस. कारण त्याचे पाय जमिनीवर असतात आणि दोघांचा भार त्याच्या पाठीवर येतो.

आता विम्याकडे वळू. आमच्या परिचयातल्या प्रवाशांपैकी बहुतेकांना आपला 'विमा आहे' असे मनोमन वाटत असते. विचारले तर कळते की आगगाडीचे तिकीट घरबसल्या काढताना एका चौकटीत खूण केलेली असते. १ सप्टेंबर २०१६ पासून रेल्वेने सुरू केलेला हा ऐच्छिक विमा खरोखरच स्वस्त आहे: आरंभी माणशी ब्याण्णव पैसे, आज पन्नास पैशांच्याही आत, आणि त्यात अपघाती मृत्यूला दहा लाख, इस्पितळाच्या खर्चाला दोन लाखांपर्यंत रक्कम ठरलेली आहे. परंतु तो आगगाडीचा विमा आहे. गाडीवर संकट आले तर तो उपयोगी. गाडीतून उतरून आपण गावात शिरलो की त्याचा आपला संबंध संपला. ६ जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंतही आगगाडी जाऊ लागली म्हणून तो विमा काही गुलमर्गच्या उतारापर्यंत जात नाही. विमानाच्या तिकिटाबरोबर घेतलेल्या विम्यात बहुधा विमान चुकणे, सामान हरवणे ह्यांचीच काळजी अधिक वाहिलेली असते. पेटी हरवली तर भरपाई मिळेल ही खात्री करून घेऊन आम्ही स्वतःला एका कळ नसलेल्या फळकुटावर बांधून घेतो, ह्यातला विनोद अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेला नाही.

आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरांची गोष्ट आणखी वेगळी. एल.टी.सी.च्या नियमांत काश्मीरपुरत्या सवलती गेली कित्येक वर्षे मिळत आल्यामुळे आमच्या कचेऱ्यांतून गुलमर्गला जाणाऱ्यांची रांग मोठी आहे. ह्या सवलतीत सरकार प्रवासभाडे देते. गावातली वाहने, घोडा, स्लेज ही ज्याची त्याने पाहावीत. पण हात मोडला तर १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली किंवा १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या आरोग्य योजनेखाली तातडीच्या उपचाराचा खर्च दराप्रमाणे का होईना परत मिळतो, आणि रजा शिल्लक असतेच. म्हणजे उतारावरून घरंगळणाऱ्या दोघांपैकी मागे बसलेला जो कारकून, त्याचे हाड सरकारी खात्यात आधीच नोंदलेले आहे. तरी विम्याची चौकशी करतो तोच.

जो खासगी विमा घेतो त्याचे काय होते? येथे शब्दांचा खेळ सुरू होतो. विमा नियामकाने २०१९ साली आरोग्यविम्याच्या अपवादांची भाषा ठरवून दिली. धोक्याच्या व साहसी खेळांविषयीचा अपवाद तीत कसा आहे ते पाहण्यासारखे आहे: अशा खेळांत 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्याने लागलेला उपचार वगळला आहे. पुढे यादी आहे. तीत गिर्यारोहण, खडकावरची चढाई, नावेतून नदीचे वेगवान पाणी कापणे, घोड्यांच्या व मोटारींच्या शर्यती, खोल समुद्रातली बुडी इत्यादी नावे आहेत, यादी संपूर्ण नाही असेही म्हटले आहे, परंतु बर्फावरच्या एकाही खेळाचे नाव तीत नाही. ह्याचा सरळ अर्थ असा, की चार घटका मौज म्हणून स्लेजवर बसलेल्या पाहुण्याला आरोग्यविम्याने सहसा नाकारू नये. पण हा नमुना आरोग्यविम्यापुरता. देशांतर्गत प्रवासाच्या विम्याला तो लागू केलेला नाही. तेथे ज्या त्या कंपनीने आपापली भाषा लिहावी, आणि 'साहसी क्रीडा' ह्या दोन शब्दांत हिमालय बसवावा की मुलांची घसरगुंडी, हे दावा आल्यावर ठरवावे अशी एकंदर सोय आहे.

आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीचे मनगट काही वर्षांपूर्वी अशाच एका उतारावर मोडले. बाई पंचेचाळिशीच्या, मधुमेहाच्या, उद्यानातल्या झोपाळ्यावरही बसायला न धजणाऱ्या. त्यांनी घेतलेल्या प्रवासविम्याच्या कंपनीने कळवले की दुखापत साहसी क्रीडाप्रकारात भाग घेतल्याने झाली असल्यामुळे दावा ग्राह्य धरता येत नाही. घरात कित्येक दिवस त्यांना 'खेळाडू' म्हणून हाक मारीत असत. त्याच कंपनीच्या माहितीपत्रकावर बर्फात लोळणाऱ्या एका हसऱ्या कुटुंबाचे रंगीत चित्र होते. वास्तविक आमच्या सहकाऱ्याने गप्प बसावयाचे कारण नव्हते. विमापत्रातील संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली चांदमल जैन यांच्या खटल्यात मान्य केलेले आहे. आणि विमा लोकपालाकडे तक्रार नेण्यास शुल्क पडत नाही, वकील लागत नाही, नकार आल्यापासून वर्षभराची मुदत असते. परंतु आपल्या लोकांना सरकारशी भांडण्याची हौस जितकी, तितका कंपनीशी पत्रव्यवहार करण्याचा कंटाळा. शिवाय सारी कागदपत्रे इंग्रजीत. १ जानेवारी २०२४ पासून विम्याचा गोषवारा मागणी केल्यास स्थानिक भाषेत द्यावा असा नियम आहे. दिल्लीत राहून मराठीत मागितला तर काय उत्तर येते, हे आमच्या वाचकांपैकी कोणीतरी करून पाहावे.

ह्या प्रकरणातला जो भाग सहकाऱ्यांच्या गप्पांत कधीच आला नाही तो असा, की त्याच उलटण्यात स्लेजवाल्याचा घोटाही मोडला होता. त्याला दुसऱ्या स्लेजवर घालून खाली नेले. त्याच्या घोट्याविषयी कोणत्याही कंपनीचे नकाराचे पत्र आले नाही. नाकारण्यापुरतेही त्याचे कोणाशी नाते नव्हते.

येथे कोणी म्हणेल की आता गरिबांसाठी योजना आहेत. आहेत, आणि त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. २६ डिसेंबर २०२० पासून जम्मू-काश्मीरच्या सर्व रहिवाशांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळण्याची योजना लागू आहे; ह्या बाबतीत स्लेजवाला आमच्या पुष्कळ खासगी नोकरदार मित्रांहून बरा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेतून वर्षाला वीस रुपये वळते केले की अपघाती मृत्यूला दोन लाख व कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख मिळतात. पण मोडलेला घोटा म्हणजे मृत्यू नव्हे आणि बहुधा कायमचे अपंगत्वही नव्हे. शस्त्रक्रिया फुकट झाली, सळई बसली, प्लॅस्टर घातले. त्यानंतर काय? स्लेजचा हंगाम बर्फाचा आणि बर्फ बेभरवशाचे. काश्मिरी पंचांगातला 'चिल्लई कलान' हा कडाक्याच्या थंडीचा काळ २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा. त्याच्या पुढेमागे आणखी काही आठवडे मिळाले तर मिळाले. जानेवारी २०२४ चा पूर्वार्ध आठवावा: गुलमर्गची कुरणे तपकिरी आणि कोरडी पडली होती, आणि पाहुणे बर्फाऐवजी वाळल्या गवतावर छायाचित्रे काढून घेत होते. अशा हंगामात डिसेंबरच्या अखेरीस ज्याचा घोटा मोडला त्याची त्या हिवाळ्याची मिळकत संपली. सहा आठवडे प्लॅस्टर म्हणजे सारा चिल्लई कलान खाटेवर. ह्या मिळकतीचा विमा कोठे आहे? इस्पितळाच्या योजनेत तो नाही, वीस रुपयांच्या योजनेत नाही, आणि पाहुण्याच्या विमापत्रात तर स्लेजवाल्याचे अस्तित्वच नाही.

कायद्यातही त्याला जागा सापडत नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी केलेली २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता ह्या दोहोंत भरपाईसाठी मालक लागतो. स्लेजवाल्याचा मालक कोण? जो अर्ध्या तासासाठी त्याच्या पाठीला चिकटून बसतो तो म्हणतो, मी गिऱ्हाईक. पर्यटन खाते म्हणते, आम्ही फक्त नोंदणी करतो आणि दर ठरवतो. म्हणजे दर ठरवण्यापुरते सरकार, भाव पाडण्यापुरते गिऱ्हाईक, आणि हाड मोडण्यापुरता तो स्वतंत्र व्यावसायिक! आरोग्यविम्याच्या अपवादातले ते 'व्यावसायिक म्हणून' हे शब्द येथे वाचकांनी पुन्हा आठवावेत. सबंध उतारावर त्या शब्दांना तंतोतंत उतरणारा एकच माणूस आहे, आणि तो पुढे बसलेला असतो.

ह्यावर उपाय शोधण्यास दूर जावे लागत नाही. ह्याच प्रदेशात अमरनाथच्या यात्रेला नोंदणी करून जाणाऱ्या यात्रेकरूचा अपघात विमा देवस्थान मंडळाकडून उतरवलेला असतो. तेथले नोंदणी केलेले घोडेवाले आणि ओझेवाले ह्यांच्यासाठीही विम्याची व्यवस्था केली जाते. यात्रेकरूला विमापत्र निवडावे लागत नाही, चौकटीत खूण करावी लागत नाही, साहस कशाला म्हणावे ह्यावर वाद घालावा लागत नाही. नोंदणी झाली की विमा झाला. मग शिवलिंगाच्या दर्शनाला जाणाऱ्यास आणि त्यास नेणाऱ्यास जे मिळते, ते बर्फ पाहावयास जाणाऱ्यास व त्याला ओढणाऱ्यास का मिळू नये? मोटारीच्या बाबतीत आपण हे फार पूर्वी मान्य केले आहे: रस्त्यावर गाडी आणायची तर तिसऱ्या माणसाला होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा. तेथे आपण प्रत्येक पादचाऱ्याला 'तू तुझा विमा काढून चाल' असे सांगत नाही. जोखीम वाहनातून निघते, म्हणून विमा वाहनाला चिकटवला. स्लेजची जोखीम स्लेजमधून निघते. तिचाही विमा प्रवाशाच्या मर्जीवर न सोडता फेरीला चिकटवला पाहिजे. स्लेजवाले नोंदलेले आहेत, दर ठरलेले आहेत. त्याच दरात ठरावीक रक्कम विम्याची धरावी, आणि त्यातून बसणारा व ओढणारा दोघेही सुरक्षित व्हावेत: दोघांना अपघाताची भरपाई, आणि ओढणाऱ्याला त्याखेरीज पाय बरा होईतो हंगामाची रोजची मजुरी. फेरीमागे दहा रुपये की वीस, ते विमागणित जाणणाऱ्यांनी सांगावे.

आक्षेप येणारच. पहिला असा की ही पाहुण्यावर नवी खंडणी होईल. जो मनुष्य कोट-बुटांच्या भाड्याला, चहाला आणि छायाचित्रवाल्याला मिळून नकळत काही शे रुपये देतो, त्याला हे दहा-वीस रुपये जड जातील हे आम्हांस पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दरातली ती रक्कम मधल्यामध्ये खाल्ली जाईल, आणि दावा करावयास गेलेल्या माणसाला टांगमर्गच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागतील. कचेरीत काम करणारे आम्ही ह्या भीतीला हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच अपघाताची नोंद गुलमर्गच्या दवाखान्यातच व्हावी, आणि तेथला डॉक्टरचा कागद हाच दाव्याचा पहिला कागद मानला जावा. तिसरा आक्षेप आमच्या काही सुशिक्षित मित्रांचा. विमा ही ज्याच्या त्याच्या दूरदृष्टीची बाब आहे, म्हणे. सक्तीने माणूस आळशी होतो. ह्या मित्रांपैकी कोणीही स्वतःची मोटार सक्तीचा विमा आहे म्हणून बेफिकीर हाकीत असल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

विमा हा शब्दच फारसी 'बीम' म्हणजे भय ह्यापासून आलेला. भय वाटून घेण्याची ही युक्ती केवळ नफ्याचा धंदा राहू नये, असे आपल्या एका अर्थमंत्र्यास वाटले होते. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा कंपन्या सरकारच्या ताब्यात घेणारा वटहुकूम निघाला तेव्हा चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. त्या वर्षी ते दिल्लीच्या मराठी माणसाला अधिक स्मरतात ते मुंबईच्या प्रश्नावर दिलेल्या राजीनाम्यामुळे, आणि ते योग्यच. पण विम्याचे ते काम त्याच वर्षातले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ च्या आरंभी झाले. पुढे खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले गेले, त्याचे फायदेही झाले. रेल्वेचा पन्नास पैशांच्या आतला विमा हा त्यांतलाच एक मानता येईल. पण त्याच विम्यातून एक गोष्ट शिकता येते. तो स्वस्त आहे तो एकेका प्रवाशाच्या सावधपणामुळे नव्हे, लक्षावधी तिकिटांना तो जोडता आला म्हणून. स्लेजवाल्याने एकट्याने कंपनीच्या दारात जाऊन मोडणाऱ्या घोट्याचा आणि बुडणाऱ्या हंगामाचा विमा मागितला तर त्याला कोण उभे करील?

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गच्या रज्जुमार्गावर वादळी वाऱ्याने झाड कोसळले व एक पाळणा खाली पडला. सात माणसे गेली. त्यांतली चार दिल्लीच्या एकाच कुटुंबातली होती. त्या वेळी आमच्या वस्तीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. उरलेली तीन तेथलीच माणसे होती, पाहुण्यांना वाट दाखवण्यासाठी सोबत गेलेली. त्या तिघांची विचारपूस आमच्या गप्पांत किती झाली, ते आठवणारे अजून पुष्कळ आहेत.

तेव्हा पुढच्या डिसेंबरात ज्यांना जावयाचे आहे त्यांनी स्लेजवाले बंद करण्याचा अर्ज करू नये. जम्मू-काश्मीरच्या पर्यटन खात्याकडे अर्ज अवश्य करावा, पण दरपत्रकात विम्याचा रकाना घालण्याचा. आणि आमच्या कर्मचारी संघटनांनी, ज्यांच्या सभासदांना एल.टी.सी.ने दर हिवाळी त्या उतारावर नेऊन सोडले आहे, १९६६ पासून चालत आलेल्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत हा विषय मांडावा. यंत्रणेच्या कार्यक्रमपत्रिकेवर महागाई भत्त्याखाली एका ओळीची जागा निघू शकेल. आणि तोवर, चढावर ओढताना धापा टाकणाऱ्या माणसाला त्याचे नाव आणि वीस रुपयांच्या योजनेत तो आहे की नाही एवढे तरी विचारावे. नसेल तर त्याचे खाते ज्या बँकेत आहे तेथे तो अर्ज मिळतो, आणि तो भरून द्यावयास आमच्यासारख्या कारकुनाला पाच मिनिटे लागतात.